खंडेनवमीचं राहून गेलेलं काम

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ज्यांनी मोटरसायकलवरून उतरला असेल, त्यांना तो उजव्या पायात लक्षात राहतो. वर तेराशे मीटरहून जास्त उंची, खाली कोकणची सपाटी आणि मध्ये चाळीसएक किलोमीटर नुसता उतार नि वळणं. काही वर्षांपूर्वी मी तो घाट उतरत होतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि माझा उजवा पाय सवयीनं मागच्या ब्रेकवर टेकलेला. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि एका वळणाआधी पाय दाबला तर पॅडल सरळ खाली गेलं. खाली काही लागलंच नाही. चिखलात पाय रुतावा तसं. पुढचा ब्रेक शाबूत होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून कडेला थांबता आलं.

मागची डिस्क इतकी तापली होती की जवळ हात नेववत नव्हता. अर्धा तास आम्ही कठड्याशी बसून राहिलो. मग पॅडल दाबून पाहिलं तर पूर्वीसारखं घट्ट! कुठे गळती नाही, कुठे काही तुटलेलं नाही. खाली पोहोचेपर्यंत ब्रेक नीट लागला आणि मीही समजलो की काही झालेलं नाही. हा अर्धा तास फार फसवा असतो. घरी आल्यावर मागच्या ब्रेकची, ब्रेक ऑइल साठवणारी वाटी उघडली तेव्हा आत कोऱ्या चहासारखा गडद तपकिरी द्रव होता. गाडी सहा वर्षांची होती. इंजिन ऑइल बदलल्याच्या सगळ्या तारखा पुस्तिकेत ओळीनं होत्या. ब्रेक ऑइलची एकही नव्हती.

घाटात काय झालं ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढची सगळी खटपट का करायची हेही कळतं. आपण लिव्हर किंवा पॅडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन द्रव पुढे ढकलतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तो दाब जसाच्या तसा नळीतून कॅलिपरपर्यंत जातो आणि तिथला पिस्टन ब्रेक पॅडना डिस्कवर आवळतो. यात सरकणारा द्रव किती? लिव्हर पूर्ण दाबली तरी चहाच्या चमच्याहून कमी. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट तर केसाएवढी. एवढ्या नेमक्या व्यवस्थेत हवेचा किंवा वाफेचा लहानसा बुडबुडा शिरला, तरी आपला सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि पॅडपर्यंत काहीच पोहोचत नाही.

हा द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. मीठ पावसाळ्यात ओलावतं तसंच. रबरी नळीतून, झाकणाच्या फटीतून, कणाकणानं. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं त्याचं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची आणखी कमी, नवा असताना २०५ आणि पाणी शिरल्यावर १४०. गावातल्या रस्त्यावर कॅलिपर एवढा तापत नाही, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. लांब घाटात, मागे माणूस नि सामान असताना, पाय ब्रेकवरून न काढता उतरलं की तो तापतो. द्रवातलं पाणी उकळतं, वाफ होते, पॅडल खाली जातं. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि ब्रेक जागेवर येतो. माझ्या अर्ध्या तासाचं रहस्य एवढंच होतं. शिवाय तेच पाणी आतल्या पिस्टनला गंज धरायला लावतं, तो खर्च वेगळा.

हे आजच सांगावंसं वाटतं याला कारण आहे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं आणि त्यासोबत डिस्क ब्रेक घरोघरी आले. त्या वेळी घेतलेल्या गाड्या आता जुन्या झाल्या. त्यांतल्या कितींच्या वाट्यांमध्ये अजून कारखान्यात भरलेलाच द्रव असेल, याचा ज्यानं त्यानं आपल्या पार्किंगमध्ये जाऊन शोध घ्यावा.

किती दिवसांनी बदलायचा? बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका दोन वर्षं सांगतात. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत ते पुरेसं आहे. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत आणि गाडी उघड्यावर भिजते, तिथे मी दरवर्षी बदला असंच सांगेन. रंगावर फार विसंबू नका. गडद रंग म्हणजे जुना द्रव हे खरं, पण पाणी डोळ्यांना दिसत नाही. फिकट दिसणाऱ्या द्रवातही ते असू शकतं. म्हणून तारीख पाहायची. आणि मुहूर्त म्हणाल तर दसऱ्याच्या आसपासचा. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते आणि खंडेनवमीला आपण पाने-पक्कड घासूनपुसून पूजेला काढतोच. पावसाच्या दिवशी मात्र ही वाटी उघडू नका.

आता एक गोष्ट अगदी कळकळीनं. आपण सगळे याला ब्रेक ऑइल म्हणतो. मीही म्हणतो. पण हे तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचं हे रसायन पाण्यात विरघळतं, आणि ब्रेकमधली रबरी सीलं याच रसायनाला टिकतील अशी बनवलेली असतात. आमच्या सोसायटीत एकानं वाटीतली पातळी कमी दिसली म्हणून घरात उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतलं. नाव ऑइल, मग चालेल, असा सरळ हिशोब. काही दिवसांत सीलं फुगली. पिस्टन मागे येईना, पुढचं चाक फिरेना, ढकलताना गाडी जागची हलेना. शेवटी मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सीलं, नळी, सगळं बदलावं लागलं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही ब्रेकच्या आतल्या भागाला लागता कामा नये. तो भाग साफ करायलाही नाही.

वाटीच्या झाकणावर कोणता द्रव घालायचा ते कोरलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर डॉट ४ असतं, काहींवर डॉट ३ किंवा ४. जे लिहिलं आहे तेच आणा. डॉट ५.१ हा डॉट ४ च्याच जातीचा आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा, वेगळ्याच जातीचा. तो आपल्या गाडीत चालत नाही आणि बाकीच्यांत मिसळतही नाही. आकडे जवळजवळ सारखे असल्यानं दुकानात घोटाळा होतो, म्हणून बाटली हातात घेऊन वाचा. बाटली लहान घ्या. पाव लिटरमध्ये पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक होऊन थोडा उरतो. सील न फोडलेलीच हवी. घरात गेल्या वर्षीची अर्धी बाटली पडली असेल तर तिच्यातल्या द्रवानंही वर्षभर पाणी ओढलं आहे. ती वापरू नका.

बाकी सामान घरातलंच. कॅलिपरवरच्या निपलला (जुना द्रव यातूनच बाहेर काढायचा) बसणारा रिंग पाना, बहुधा ८ नंबरचा. वाटीच्या स्क्रूंच्या डोक्यात घट्ट बसणारा स्टार स्क्रू ड्रायव्हर. औषधाच्या दुकानातली वीस मिलीची सिरिंज, सुईशिवाय. निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी. सलाईनची किंवा माशांच्या टाकीची, दोन्ही चालतात. एक रिकामी बाटली, भरपूर स्वच्छ फडकी, हातमोजे, चष्मा, आणि पाण्यानं भरलेली बादली. बादली विसरू नका. हा द्रव रंगावर पडला तर रंग सोलून काढतो. टाकीवर थेंब पडला की फडक्यानं पुसत बसायचं नाही, कारण त्यानं तो पसरतो. लगेच पाणी ओतायचं. डोळ्यांत गेला तरी पहिलं काम पाण्यानं भरपूर धुणं, मग डॉक्टर.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. हँडल इतकं वळवा की वाटी पाण्याच्या पातळीसारखी आडवी दिसेल. टाकीवर जुनी चादर ओली करून पसरा, डिस्कवर प्लास्टिकची पिशवी घाला. सुरुवातीला पॅड पाहून घ्या. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे सरकतो आणि वाटीतली पातळी आपोआप खाली येते. म्हणजे पातळी कमी दिसली की आधी पॅड तपासायचे, नुसती वाटी भरायची नाही. पॅड संपले असतील तर ते आधी बदला.

वाटीच्या झाकणाचे दोन स्क्रू ही या कामातली पहिली परीक्षा. ते मऊ असतात, वर्षानुवर्षं उघडलेले नसतात आणि डोकं एकदा गोल झालं की निघता निघत नाहीत. झाकण ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडं करा. स्क्रू ड्रायव्हर उभा धरून मागून हातोडीनं हलके दोन ठोके द्या, मग अंगाचा भार वरून देत फिरवा. जोर फिरवण्यात कमी आणि दाबण्यात जास्त हवा. झाकणाखालचा रबरी पडदा अलगद उचला, घडी कशी आहे ते बघून ठेवा, आणि स्वच्छ फडक्यावर ठेवा.

आता सिरिंजनं वाटीतला जुना द्रव ओढून घ्या. तळाशी काळसर गाळ असेल तर बिनधाग्याच्या फडक्यानं टिपा. तळाला दोन बारीक छिद्रं दिसतील, ती उघडी पडू देऊ नका. थोडा द्रव राहू दे. लगेच नवा द्रव वरच्या खुणेपर्यंत भरा. एवढ्यानंच वाटीतला सगळ्यात घाण भाग निघून जातो आणि तो नळीतून खाली ढकलावा लागत नाही. झाकण वर नुसतं ठेवून द्या, स्क्रू लावू नका.

खाली कॅलिपरवर रबरी टोपीखाली निपल असतं. टोपी काढा, माती घासून काढा. आधी रिंग पाना चढवा, मग नळी. उलटं केलंत तर पाना आत जाणार नाही. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या जुन्या द्रवात बुडवून ठेवा, म्हणजे हवा उलटी वर चढणार नाही. निपल हलतच नसेल, गंजानं धरलं असेल, तर तिथेच थांबा. जोर करून मोडलेलं निपल कॅलिपरमधून काढणं हे घरचं काम नाही, गाडी सरळ गॅरेजमध्ये न्या.

यापुढची लय एकदा बसली की काम सोपं आहे. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबा आणि दाबूनच धरा. निपल पाव फेरा सैल करा. लिव्हर हातात बसत जाईल आणि नळीतून तपकिरी द्रव निघेल. लिव्हर सोडायच्या आधी निपल बंद करा. मग लिव्हर सोडा. हा क्रम मनात घोळवत राहा: दाबा, उघडा, बंद करा, सोडा. निपल उघडं असताना लिव्हर सुटली तर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. जोडीला कोणी असलं तर एकानं लिव्हर, एकानं पाना आणि बोलणं मोठ्यानं, "दाबली", "उघडलं", "बंद", "सोड". माझ्याकडे हे काम मुलगी करते आणि माझ्यापेक्षा शांतपणे करते.

लिव्हर थेट मुठीला टेकवू नका. मागे अंगठा किंवा लाकडाचा बारीक तुकडा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन शेवटपर्यंत कधी जात नाही. तिथे जमलेल्या गंजावर सील घासलं की चांगला चाललेला ब्रेकही झिरपायला लागतो. घरी हे काम करणारे बरेच जण इथे चुकतात आणि दोष नव्या द्रवाला देतात.

एका खेपेत निघणारा द्रव थोडासाच, म्हणून चाळीस-पन्नास खेपा लागल्या तर कंटाळू नका. पण दर पाच-सहा खेपांनी वाटी पाहा आणि भरा. या साऱ्या कामात एकच खरी धास्ती आहे, वाटी कोरडी पडण्याची. एबीएसच्या गाडीत तर विशेष. तिथे हवा वाटीतून थेट एबीएसच्या युनिटमध्ये शिरू शकते, आणि ती काढायला युनिटमधला पंप संगणकावरून चालवावा लागतो, ती सोय बहुधा सर्व्हिस सेंटरमध्येच असते. वाटी भरलेली ठेवलीत तर एबीएसच्या गाडीचा द्रवही याच पद्धतीनं घरी बदलता येतो. पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांना जोडलेली कॉम्बी पद्धत असेल तर निपलं एकाहून जास्त असू शकतात आणि त्यांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाळा.

नळीतला रंग हळूहळू बदलतो. कोरा चहा, मग फिका चहा, मग एकदम स्वच्छ, गोडेतेलाहूनही फिकट. तो क्षण बघण्यासारखा असतो. त्यानंतरही चार-पाच खेपा घ्या. बुडबुडे येणं थांबलं पाहिजे. शेवटी झाकण वर ठेवूनच लिव्हर अगदी हलकी, अर्ध्या बोटाएवढी टिचक्या मारल्यासारखी हलवा. मास्टर सिलिंडरजवळ अडकलेले बारीक बुडबुडे वाटीत वर येताना दिसतील.

निपल आवळताना हात आवरा. पोकळ, लहानसा तुकडा आहे तो. बऱ्याच गाड्यांत त्याला ६ न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर लागतो, म्हणजे मनगटाचा, दंडाचा नव्हे. जास्त आवळलात तर कॅलिपरचे आटे जातात. टोपी लावा, कॅलिपर पाण्यानं धुवा, वाटी वरच्या खुणेपर्यंत भरा, पडदा पुसून नीट बसवा, स्क्रू लावा.

मागच्या ब्रेकलाही हेच सारं, फक्त लिव्हरच्या जागी पॅडल, आणि वाटी बहुधा उजव्या बाजूच्या पॅनेलजवळ. तिथे दोन माणसं हवीतच. एकट्यानं पॅडलही दाबायचं आणि पानाही फिरवायचा तर वाटीकडे लक्ष राहत नाही.

आता लिव्हर पूर्ण जोरानं मिनिटभर दाबून धरा. ती हळूहळू आत सरकत असेल तर कुठे तरी गळती आहे किंवा सील गेलं आहे. मऊ, स्पंजासारखी लागत असेल तर हवा राहिली आहे, पुन्हा काढा. तरी थोडी मऊ वाटली तर रात्रभर लिव्हर रबरानं मुठीला हलकी बांधून ठेवा, सकाळी बहुतेकदा फरक पडतो. त्यानंतरही घट्ट होत नसेल तर ती गाडी चालवायची नाही. गॅरेजपर्यंत "हळूहळू" सुद्धा नाही. टेम्पोत घालून न्या. ब्रेक घट्ट लागला तर आधी गल्लीत चालण्याच्या वेगानं चार-पाच वेळा पुढचा, मागचा वेगवेगळा दाबून पाहा, मगच रस्त्यावर काढा.

निघालेला जुना द्रव गटारात, मोरीत, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. तो विषारी आहे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून तर कधीच ठेवू नका, घरात लहान मुलं असतात. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून, वेगळ्या बाटलीत, वर नाव लिहून तिथे द्या.

आणि घाटात पाय ब्रेकवर टेकवून ठेवायची सवय सोडा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक वळणाआधी नीट दाबा आणि सोडा, त्याला थंड व्हायला वाव द्या. नवा द्रव घातला म्हणून ही सवय चालेल असं नाही.

एक शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. कागदी चिकटपट्टीवर आजची तारीख लिहा आणि सीटखाली चिकटवा. पुढच्या खंडेनवमीला गाडीला हार घालायच्या आधी सीट उचलून ती तारीख वाचा.